चाचांची साक्षीदार काच

चाचांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. जन्म शिकलगाराच्या घरातला. पात्याला धार लावली की ते स्वतःच्या हातावर फिरवून पाहायचे. वाशीमच्या आमच्या दवाखान्यात त्यांना घेतलं ते या धारेपायीच. कॅन्सरच्या संशयाने काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवून रंगवायचे. मग मोठे डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान लिहीत. परवा दवाखान्याची स्मरणिका घरी आली. तीत छापलं आहे, की सुरुवातीच्या काळात एका अशिक्षित नोकराच्या हलगर्जीमुळे प्रयोगशाळेला बोल लागला. ते वाक्य वाचल्यापासून माझं डोकं शांत नाही. तो नोकर म्हणजे चाचा. आणि हलगर्जी माझी होती.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी नागपूरला सायन्स शिकून आलेलो, चाचा उर्दू चौथी. त्यांच्याकडे पत्र्याच्या डबीत मेणाचे दोन ठोकळे असत. एकात पूर्वीच्या एका रोग्याची, कॅन्सरची म्हणून पक्की ठरलेली गाठ, दुसऱ्यात निरोगी मांस. रोज रोग्यांच्या काचांबरोबर या दोन्हींचे काप एका काचेवर घेऊन त्याच रंगात बुडवायचे. तिला ते साक्षीदार म्हणत. गाठीतले जांभळे ठिपके नेहमीसारखे उठले नाहीत, तर त्या दिवसाच्या सगळ्या काचा बाद. रंग नव्याने करायचा, काप पुन्हा काढायचे. निदान करण्याचा हक्क त्यांना नव्हता, आणि तो त्यांनी कधी मागितलाही नाही. एवढंच म्हणायचे, “वयखीचा मानूस वयखू नाई आला, तं अनवयखी मानसाले काय वयखान बाबू?” वयखणं म्हणजे ओळखणं.

मोठे डॉक्टर चिडवायचे, “काय चाचा, झाला का तुमच्या साक्षीदाराचा जबाब?” मीही हसायचो. हसताना रजिस्टरात ‘साक्षीदार: ठीक’ असं लिहायचो, कारण लिहिण्याचं काम माझं होतं. चाचा सांगत आणि मी लिहीत असे.

एकदा चाचा आजारी बहिणीला पाहायला मेडशीला गेले. आदल्या दिवशी सगळे काप काढून, साक्षीदारासकट काचांवर बसवून ठेवले होते. रंगही करून ठेवला होता. मला फक्त रंगवायचे होते. दुपारी नागपूरहून कोणी बडे पाहुणे प्रयोगशाळा पाहायला येणार होते, आणि त्याआधी सगळी निदानं तयार हवीत असा डॉक्टरांचा हुकूम होता. रंगाच्या भांड्यात दहा काचांची जागा, आणि रोग्यांच्याच काचा दहा. साक्षीदारासाठी दुसरी खेप करावी लागली असती. मी ती काच खणात सारली. संध्याकाळी रजिस्टरात ‘ठीक’ लिहिलं.

त्या दहांत मानोऱ्याकडच्या तांड्यावरची सोनीबाई होती. गालाच्या आत बरी न होणारी जखम. भांड्यातला रंग उतरलेला होता, काचा फिक्या आल्या. मला दिसत होतं. डॉक्टरांनाही दिसायला हवं होतं. ती काच त्यांनी परत फेकायला हवी होती. त्यांनी ‘साधी जखम’ लिहून सही ठोकली आणि ते पाहुण्यांना घ्यायला फाटकाशी गेले.

चार महिन्यांनी सोनीबाई आली ती गळ्याला लिंबाएवढी गाठ घेऊन. नवऱ्याने आमचाच कागद पुढे केला. म्हणाला, “तुमीच तं लिहून देल्लं व्हतं, काई नाई म्हनून.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

चाचांनी तिची जुनी काच शोधून ताज्या रंगात पुन्हा रंगवली. रोग तिथेच होता, चार महिने आमच्या कपाटात बसलेला. मग त्यांनी खण उघडला आणि एक काच माझ्यासमोर ठेवली.

“हे तं पांढरीच हाय, बाबू.”

मी रंगाचं भांडं धुवायला घेतलं. ते वाट पाहत राहिले. मी बोलेन असं त्यांना खरंच वाटत होतं.

चौकशीत त्यांनी तीच काच टेबलावर ठेवली. डॉक्टर म्हणाले, पांढरी काच कोणीही आणून ठेवील. रजिस्टरात ‘ठीक’ आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, “नोंद खरी ना?” मी हो म्हणालो. एवढ्याने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. रंग चाचांनी करून ठेवलेला, म्हणून दोष चाचांचा. आणि साक्षीदार ठीक असूनही निदान चुकलं, म्हणजे साक्षीदाराची भानगडच निरुपयोगी. चाचांना काढलं. डबीतले ठोकळे कचऱ्यात गेले. डॉक्टरांची सही कोणी पाहिलीसुद्धा नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्याच खोलीत साक्षीदाराशिवाय काचा रंगवल्या. त्यांत किती सोनीबाई होत्या, कोण सांगणार?

सोनीबाई त्याच उन्हाळ्यात गेली.

पुढे एकदा शेलूबाजारला चाचा दिसले. रस्त्याकडेला सहाण घेऊन कात्र्यांना धार लावत होते. मला पाहून त्यांनी बसायला पोतं सरकवलं. एका बाईची कात्री झाली होती. तिने हात पुढे केला तर म्हणाले, “थांब ना माय,” आणि मांडीखालून एक जुनं धोतराचं फडकं काढून आधी त्यावर कात्री चालवली. ते फडकं नेहमीचंच असावं. कडेने शंभर काप होते. सरळ कापलं गेलं तेव्हाच कात्री तिच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी घरच्यांची विचारपूस केली आणि एसटी पकडली.

आता त्याच प्रयोगशाळेच्या भिंतीवर चौकटीत नियम लावला आहे, की रोज रोग्यांच्या काचांबरोबर एक ओळखीची काच रंगवावी. खाली दूरच्या कुठल्या तरी संस्थेचा शिक्का आहे. चाचांना जाऊन वर्षं झाली.

स्मरणिका काढणाऱ्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुन्या रजिस्टरात साक्षीदार ‘ठीक’ असल्याची नोंद आहे, त्यामुळे दुरुस्ती करता येत नाही.

ती नोंद खोटी आहे. अक्षर माझं आहे, ताडून पाहा.