पाचव्या बेटाचे उत्तर

२०१७ सालच्या हिवाळ्यात मी कॅनडात, रिचमंड हिलच्या घरी, बेसमेंटमध्ये बसून, कॅरिबियन समुद्रातल्या पाच छोट्या देशांसाठी एक मसुदा लिहीत होतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सल्लागार म्हणून हे काम माझ्याकडे आले होते. ही बेटे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की हवा स्वच्छ असली तर एकाच्या किनाऱ्यावरून दुसऱ्याचे डोंगर दिसतात. तरी प्रत्येकाचा दूरसंचार कायदा निराळा आणि परवान्यांच्या अटीही निराळ्या. सकाळच्या बोटीने शेजारच्या बेटावर बाजाराला गेलेल्या बाईने घरी फोन केला, तर तो परदेशातून केलेला फोन ठरे आणि त्यावर रोमिंगचा जादा दर लागे. या पाच व्यवस्थांचा मेळ घालणे, एवढेच माझे काम.

कॅनडात येण्यापूर्वी काही वर्षे मी तंत्रनिकेतनात शिकवत होतो. आधी व्याख्या, मग नियम, शेवटी अपवाद, ही तिथली सवय मसुद्यातही उतरली होती. त्यातले मुख्य कलम रोमिंगचे होते: पाचही देशांत फिरताना जादा दर रद्द. त्याला अपवाद मी ठेवला नव्हता, कारण कोणी मागितला नव्हता.

अशा कामात एक रूढ पद्धत असते. मसुदा सर्वांना पाठवतात, उत्तरासाठी मुदत देतात, आणि मुदतीत ज्याचे उत्तर येत नाही त्याची संमती धरतात. पद्धत व्यवहाराची आहे. ती नसती तर बरेचसे करार अर्धवटच राहिले असते. चार देशांची उत्तरे आली. पाचव्याचे, सर्वांत लहान बेटाचे, आले नाही. म्हणजे नियमाने एकमत झाले होते, आणि मसुदा मंत्र्यांच्या बैठकीकडे पाठवायला मी मोकळा होतो.

तरी मला चैन पडेना. तिथल्या नियामक कार्यालयाच्या प्रमुख बाई आधीच्या प्रत्येक मसुद्याच्या समासात टिपणे लिहून पाठवत असत. या वेळी एक ओळही नव्हती. मी संगणकापुढून उठलो, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला, खाली आलो, इनबॉक्स पाहिला आणि पुन्हा फावडे घेऊन बाहेर निघालो.

पत्नी दारात उभी होती. "अहो, अजून पडतोय तो. आत्ता शोव्हल करून काय मिळणार आहे?"

"पाचव्या बेटाचं उत्तर नाही आलं."

"मग तुमच्या नियमाने त्यांचा होकारच की."

"नियमाने, हो."

"कोक्विटलामला लेकीला मेसेज केलाय, मार्चमध्ये येतेस का म्हणून. तिचंही उत्तर नाही. धरू होकार? लाडवांसाठी रवा भाजायला घेऊ?"

मी फावडे कोपऱ्यात ठेवले आणि खाली जाऊन त्या बाईंना फोन लावला.

त्यांनी प्रथेप्रमाणे आधी हवामान विचारले. बर्फ गुडघ्यापर्यंत आल्याचे मी सांगितले.

"म्हणजे तुम्हाला घराबाहेर पडता येत नाही, म्हणून माझी आठवण झाली," त्या म्हणाल्या.

मी सरळ रोमिंगच्या कलमाविषयी विचारले. त्या सविस्तर सांगू लागल्या. त्यांच्या बेटावर मोठ्या बेटांवरचे पाहुणे सतत येतात, आणि त्यांच्या रोमिंगच्या पैशावर तिथली लहानशी फोन कंपनी तग धरून आहे. ते उत्पन्न गेले, तर डोंगरापलीकडच्या कोळ्यांच्या गावातला टॉवर बंद करावा लागेल, असे कंपनीने कळवले होते. होड्यांवरून किनाऱ्याशी बोलणे होते ते त्याच टॉवरवरून.

"मग हे लिहून का नाही पाठवलंत?"

"सर, माझ्या ऑफिसात मी आणि एक इंजिनियर. चारही शेजारी हो म्हणून बसलेत. आमची मुलं त्यांच्या कॉलेजांत शिकतात, आमचे आजारी त्यांच्या हॉस्पिटलांत जातात. लेखी नकार देणं आम्हाला झेपत नाही. गप्प बसणं झेपतं."

"पण त्यानं टॉवर जाईल."

"ठाऊक आहे. माझ्या भावाची होडी त्याच गावची आहे."

वर्गात बाक उंची पाहून देतात, धडा सर्वांना तोच असतो. ही साधी गोष्ट मला मसुद्यात मांडायची होती. मी एक परिशिष्ट जोडले: सर्वांत लहान बेटावर जादा दर टप्प्याटप्प्याने उतरावा, आणि तोवर पाचांच्या सामाईक निधीतून त्या टॉवरचा भार उचलावा. मग पाचही कार्यालयांना एकत्र फोनवर बोलावले.

सर्वांत मोठ्या बेटाचे अधिकारी वैतागलेले होते. "मास्तर, परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलताय?"

"एक उत्तरपत्रिका माझ्या हाती यायची आहे," मी म्हणालो. "आणि आज मौन हा होकार धरला जाणार नाही. प्रत्येकानं तोंडानं सांगायचं."

परिशिष्ट मी वाचून दाखवले आणि त्यावरच्या लेखी उत्तरांसाठी आठवड्याची नवी मुदत दिली. मोठ्या बेटाने कुरकुर केली, निधीच्या हिशेबावर लक्ष ठेवण्याची अट घातली, आणि मान्य केले. दुसऱ्याने, तिसऱ्याने, चौथ्याने होकार दिला. नेहमीप्रमाणे लहान बेटाची पाळी शेवटी आली. लाइनवर खरखर होती. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. वर दाराबाहेर पत्नीच्या फावड्याचा आवाज येत होता.

"परिशिष्टासह, हो," बाई म्हणाल्या. "आणि लेखी पाठवते. मुदतीच्या आत."

त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. परिशिष्टाचा समास टिपणांनी भरून गेला होता, आणि मंत्र्यांच्या बैठकीआधी त्यांतल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे होते. मी पहिले टिपण वाचायला घेतले. वर स्वयंपाकघरात पत्नीने लेकीला मेसेजऐवजी फोन लावला होता, आणि तो वाजत होता. रव्याचे अजून ठरायचे होते.