महंमदनं ढवळलेला पेला

महंमद आधी सांगलीत घरांना चुना मारायचा. बादली ढवळायचं थांबलं की चुना बुडाशी आणि वर नुसतं पाणी, हे त्याच्या मनगटालाच ठाऊक. लढाईच्या वर्षांत तो दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत लागला, तर गंमत बघा, तिथंही ढवळणंच नशिबी! पोटाचा फोटो काढायचा तर बेरियमची पांढरी पूड ताकात कालवून रोग्याला पाजायची. पूड पोटात पसरली तरच फोटोत पोट उमटायचं.

एकदा आटपाडीकडची राहीबाई आली. घोटभर पेज पोटात ठरत नव्हती, हाडाला कातडं चिकटलेलं. नवरा पलटणीत, म्हणून थोरला दीर आकाराम घेऊन आलेला. डॉक्टर म्हणाले, "अडथळा कुठं आहे ते फोटोत दिसलं तरच पोट उघडता येईल." अन् लढाईपायी फोटोच्या काचा मिळेनात, पेटीत उरलेल्या दोनच.

महंमदनं पेला ढवळून हातात दिला. बाई पदर ओढून बसली ती बसलीच. पेला काही तोंडाला लागेना. महंमदला वाटलं, आपल्या हातचं चालत नसावं. आजारी बाईला बोलायचं तरी काय? खाली मान घालून तो दाराआड झाला. बऱ्याच वेळानं येऊन बघतो, तर पेला बाकाखाली.

"प्यालात?"

तिनं मान हलवली.

फोटो निघाला. पोटाच्या जागी नुसता अंधार! महंमदनं पेला विसळायला उचलला. तळाशी बोटभर पांढरा थर. चुन्याची बादली कधी सोडली नाही, अन् माणसाचा पेला सोडून गेलो! धावत जाऊन त्यानं डॉक्टरांना सांगितलं.

"आता एकच काच राहिली, महंमद," डॉक्टर एवढंच म्हणाले.

दुसरा पेला कालवून महंमदनं पुढं धरला. "बाई, माझ्या हातचं नको असंल तर सांगा. भावजींच्या हातनं कालवून घिऊ."

पदराआडून कुजबुज आली, "आवं भाऊ, हाताचं काय घिऊन बसलाय! थोरलं भावजी म्होरं बसल्यात. त्यांच्यादेखत कशी पिऊ? त्यांनी वाईच मान वळवली, तवा वरवरचं घेतलं."

महंमद आकारामपाशी गेला. "पावणं, भाईर चला."

"न्हाई जमायचं. हिच्यावरनं नजर काढनार न्हाई, आसा भावाला शबूद दिलाय."

"आवं, तुमची नजरच तिच्या घशात अडकलीया!"

आकाराम उठून बाहेर गेला. महंमदनंही भिंतीकडं तोंड केलं. "चमचा फिरवत ऱ्हावा, घाटा ढवळतासा तसा. मी ऐकतोय."

चमचा वाजू लागला. मधेच थांबला. महंमद भिंतीकडंच बघत ओरडला.

"बाई!"

"आवं, घोट तरी घिऊ द्या की!"

काच धुवायला पडली. लाल दिव्याखाली आधी काहीच दिसेना. महंमद अल्लाचं नाव घेत उभा. मग हळूहळू पांढरी पिशवी उमटली, अन् खालच्या तोंडाशी दोऱ्याएवढी चिंचोळी वाट.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. महंमद आकारामला सांगायला बाहेर धावला.

पोट उघडलं, वाट मोकळी झाली. पहिली पेज द्यायच्या दिवशी आकाराम कुणी न सांगताच भिंतीकडं तोंड करून बसला. मागं चमचा वाजायला लागला.

"बाई, ही पेज हाय," महंमद म्हणाला, "ढवळाया नगं."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," राहीबाई म्हणाली. "भावजींना ऐकू जातंय न्हवं."