एक्स-रेत न दिसलेली नळी

मुक्ताईनगरकडचे ते आबा माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर बसायलाच तयार होईनात. “उभाच बरा,” म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, अंगावर केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा. सोबत त्यांची बायको. बोलत सगळं त्याच होत्या.

“लघवीले जळजळ व्हते. मधूनच रक्त जातं. धार लागते अन् मधातच बंद पडते. गोळ्या घेतल्या का चार दिवस बरं, मंग पुन्हा तेच.”

जळगावात मूत्रविकारांचा दवाखाना थाटून मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आजींनी पिशवीतून आधीचा एक्स-रे काढून दिला. त्यात खडा नव्हता, काहीच नव्हतं. या वयात प्रोस्टेट वाढलेली असणार आणि लघवीत जंतू झालेले असणार, असाच माझाही अंदाज होता. मी आबांना सोनोग्राफीच्या टेबलावर घेतलं.

प्रोस्टेट वाढलेली होतीच. पण मूत्राशयात दोन पांढऱ्या रेषा दिसल्या. अगदी शेजारीशेजारी धावणाऱ्या, वळसा घेऊन पुन्हा तशाच पुढे गेलेल्या. खडा असा दिसत नाही, रक्ताची गुठळीही अशी दिसत नाही. आत एक नळी होती, आणि प्लास्टिकची होती म्हणूनच एक्स-रेला चकवून गेली होती.

“आबा, पूर्वी कधी ऑपरेशन झालंय? आत काही नळी ठेवली होती?”

“एकदा लघवी अडली व्हती, तवा दवाखान्यात नळी टाकली,” आजी म्हणाल्या. “पन माह्यासमोर काढली. अख्खी.”

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पाहिलं आणि मी आजींना जरा बाहेर बसायला सांगितलं.

“आबा, पोटात नळी आहे. कशी गेली?”

“मले काय ठाव.”

मी पडद्यावर पुन्हा पाहिलं. एवढी बारीक नळी दवाखान्यातली नव्हती. माझ्या वडिलांचीही केळी. शाळेत असताना सुट्टीत मी त्यांच्यामागे ठिबक अंथरायला जायचे. खोडापाशी पाणी नेणारी ती बारीक काळी नळी किती वेळा माझ्या हातांखालून गेली असेल.

“आबा, तुमच्या केळीला ठिबकच आहे ना?”

त्यांनी भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. “तू शेतकऱ्याची पोर व्हय?”

“हो.”

मग त्यांनी सांगितलं. लघवी दुसऱ्यांदा अडली तेव्हा ते मळ्यात एकटे होते. पोट दगडासारखं झालेलं. दवाखान्यात नळी टाकल्यावर कसं क्षणात मोकळं झालं होतं, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांनी ठिबकची नवी नळी घेतली, विळ्याने कापली, उकळली, तेल लावलं. जमलं. पुढच्या वेळीही जमलं. त्यानंतर एकदा ती हातातून निसटली आणि सरकत आत गेली.

“कोनाले सांगू, पोरी? या वयात लोक काय म्हनतीन?”

“जीव जायची वेळ आली तेव्हा तुम्ही जीव वाचवायला बघितलंत, आबा. यात लाज कसली? फक्त पुन्हा असं करायचं नाही. आणि आजींना तुम्हीच सांगायचं.”

आजी आत आल्या. आबांनी मान खाली घालून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आजी एकदम म्हणाल्या, “म्हनून खोबरेलाची बाटली मळ्यातल्या खोलीत सापडली! अन् मी सुनेले बोल लावले.” आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

लघवीत जंतू असताना हात लावणं धोक्याचं होतं, म्हणून आधी औषधं दिली. माझ्या एका वरिष्ठांना फोन केला तर ते म्हणाले, “पोट उघड आणि काढून टाक, दुर्बिणीच्या नादी लागू नकोस.” पण आबांना साखरेचा त्रास होता, जखम भरायला वेळ लागला असता. शिवाय मला मनातून वाटत होतं, ही नळी आली तशीच बाहेर जाईल.

ऑपरेशनच्या दिवशी आबांच्या कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं. ते जागेच होते. दुर्बीण आत घातली आणि समोर ती दिसली: वेटोळं घालून बसलेली, अंगावर खड्याचा पातळ पांढरा थर. लेझरने थर हळूहळू फोडला. आता प्रश्न होता टोकाचा. नळी मधे पकडून ओढली तर ती दुमडून येणार आणि लघवीची वाट फाडणार. टोकच धरायला हवं होतं, आणि दोन्ही टोकं प्रोस्टेटच्या फुगवट्यामागे दडलेली.

मी पाणी भरलं, सोडलं, पुन्हा भरलं. सिस्टरना म्हटलं, “ओटीपोटावर हात ठेवा आणि हळूच दाबा.” त्यांनी दाबलं. वेटोळं डुलल्यासारखं हललं आणि एक काळं टोक फुगवट्यावरून डोकावलं. मी चिमट्याने ते धरलं. ते न सोडता, दुर्बिणीसकट, इंचाइंचाने मागे आले. नळी बाहेर ट्रेमध्ये पडली तेव्हा सिस्टरनी चक्क टाळी वाजवली.

“निघाली का?” पडद्यापलीकडून आबा.

“निघाली, आबा!”

“दाखव.”

त्यांनी मान उचलून पाहिलं. “माह्याच मळ्यातली,” म्हणाले. दोन्ही टोकं मीही निरखली. एक विळ्याने तिरकं कापलेलं, दुसरं सरळ. तुटलेलं कुठेच नाही. तरी पुन्हा दुर्बीण घालून आतला कोपरा न् कोपरा बघितला. स्वच्छ होता. त्या दिवशी घरी जाताना पिंप्राळ्यापर्यंत मी स्कूटरवर मोठ्याने गात गेले, आणि मला गाता येत नाही.

मूळ दुखणं अजून बाकी होतं. आतल्या जखमा भरल्यावर, काही आठवड्यांनी, आबांची वाढलेली प्रोस्टेटही दुर्बिणीतूनच खरवडून काढली. लघवीसाठी लावलेली नळी-पिशवी काढली त्या सकाळी ते भिंत धरत संडासात गेले. आजी दाराशी उभ्या. मी वॉर्डात दुसऱ्या पेशंटला तपासत होते, पण कान तिकडेच.

आतून आरोळी आली, “धार लागली वं! सरळ भिंतीले!”

“हळू बोला, बठ्ठा वॉर्ड ऐकू राहिला,” आजी दटावत होत्या.

“आयकू दे!”

अख्खा वॉर्ड हसला. आबा बाहेर आले ते हसतच, आणि आपल्या खाटेकडे न जाता शेजारच्या खाटेवरच्या माणसापाशी जाऊन टेकले. तो धुळ्याकडचा शिंपी. लघवी अडते हे घरच्यांपासून कितीतरी दिवस लपवून मग आलेला. आबांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली: ठिबक, विळा, तेल, काहीच न गाळता.