एवढं साफ काऊन?

पटलेसाहेब कुणाकडेही गेले की सारवलेल्या अंगणापाशी थबकायचे. स्वच्छतेचाच त्यांना संशय. "एवढं साफ काऊन हाये?" माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा घासूनपुसून ठेवलेल्या ओट्याकडे बघून त्यांनी हेच विचारलं. बायको पुढे कितीतरी दिवस धुसफुसत होती.

गोंदियाच्या पोलीस खात्यात आम्ही दोघं जप्त केलेले संगणक तपासायचो. पडद्यावर काही दिसलं नाही की मी खुर्ची मागे सारायचो. साहेब तिथून सुरुवात करायचे. "पुसणारा पुसून जाते. त्याच्या पायाचे ठसे कोण पुसल?"

देवरीकडच्या एका आश्रमशाळेत सुनीता संगणक ऑपरेटर होती. मुलींच्या जेवणात अळ्या निघाल्या, तिने फोटो काढून ऑफिसच्या संगणकात ठेवले आणि तक्रार केली. चौकशी आली तर फोटो गायब. मुख्याध्यापक म्हणाले, तक्रार खोटी होती म्हणून हिनेच पुसले. नोकरी जाणार होती, वर गुन्हाही. आमच्यासमोर ती ओढणीचं टोक पिळत बसली होती. मला फार वाईट वाटलं, पण संगणकात खरंच काही नव्हतं.

"काही नाही कसं? हे पाह्य." साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. फायलींच्या नावांच्या जागी नुसत्या झेड अक्षरांच्या रांगा होत्या, पुसणाऱ्या प्रोग्रामची करामत. फोटो परत येणार नव्हते. पण तो प्रोग्राम कधी चालला, याची नोंद विंडोजने ठेवली होती. साहेबांनी तारीख आणि वेळ मोठ्याने वाचली.

"सर, त्या दिवशी तं आमच्या गावची मंडई होती," सुनीता म्हणाली.

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा, घरोघरी पाहुणे आणि शाळा ओस. कुणी बघायला नको म्हणून पुसणाऱ्याने नेमका तोच दिवस साधला होता. त्या दुपारी सुनीता आकाशपाळण्यात बसून किंचाळत होती, अख्ख्या गावाने ऐकलं होतं. ऑफिसची किल्ली मुख्याध्यापकांकडे. साहेब खुशीत येऊन म्हणाले, "मंडई सोडून ऑफिसात कोण बसते बापा!"

सुनीताची नोकरी टिकली. मग दरवर्षी मंडईचं पहिलं आमंत्रण साहेबांना. एकदा तिने त्यांना पाळण्यात बसवलं आणि डोळे गच्च मिटलेला त्यांचा फोटो काढला. तो त्यांनी संगणकात जपून ठेवला होता.

निवृत्तीच्या दिवशी आपल्या खासगी फायली पुसून त्यांनी संगणक माझ्या हवाली केला. "तपास, काही राह्यलं का." झेडच्या रांगा बघून मी सवयीने नोंदी उघडल्या. पुसण्याच्या अगदी आधी त्यांनी एक फाइल उघडली होती. नाव होतं, मंडई.

"मिळालं का काही?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"काही नाही साहेब. सगळं साफ आहे." मी नोंदी बंद केल्या.

साहेब हसले. "एवढं साफ काऊन हाये?"