थांबायचं कार्ड

शालन गेल्याचा फोन तिच्या लेकीनं, सुजातानं केला. बोलता बोलता म्हणाली, “मावशी, फोन कुणाकुणाला करायचे ते आईनं क्रमानं लिहून ठेवलंय. पहिला तुमचाच आहे...” अशा वेळी सुखावू नये, पण मी सुखावले. आणि मग खूप रडले.

सत्तरच्या दशकात आष्ट्याच्या शाळेत शालन आणि मी एका बाकावर होतो. आमच्या विज्ञानाच्या सरांनी संगणकाविषयी कुठंतरी वाचलं होतं. यंत्राला अक्कल नसते, म्हणून एकेक पायरी लिहून द्यायची, त्याला प्रोग्राम म्हणतात, एवढंच त्यांनी सांगितलं. संगणक त्यांनीही पाहिला नव्हता. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. शालन म्हणाली, “यंत्र न्हाई तर माणूस बसवू की!” आजपासून अमुक दिवसांनी कोणता वार येईल, हे चिंचोके मोजून काढायचं. तितके चिंचोके मांडायचे, सात-सात बाजूला काढायचे, उरतील तितके वार पुढं मोजायचे. प्रत्येक पायरीचं एक कार्ड.

पहिलं यंत्र झाले तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले नाना. शेवटी पाच चिंचोके उरले. नानांनी बाजूला काढलेल्या ढिगातले दोन परत घेऊन सात पुरे केले आणि पुन्हा सुरू! आम्ही चहा पिऊन आलो तरी त्यांचं चालूच. मी हसून लोळायची बाकी होते. नाना शांतपणे म्हणाले, “थांबायचा हुकूम कुठं हाय? लिवलंय तसंच केलं.”

शालन हसली नाही. “नाना न्हाई चुकलं, मी चुकले,” म्हणाली आणि नवं कार्ड लिहिलं : ‘सातपेक्षा कमी उरले की थांबा.’ कृतीची वही मी उतरवली, कारण अक्षर माझं चांगलं होतं, आणि त्याचा मला तोराही होता. नानांची फजिती मी बिनदिक्कत गाळली. शालन भडकली. “ते पान घाल आधी. लोकं हसू देत. कुठं चुकलो ते लिवलं न्हाई तर दुसऱ्याला कसं कळंल? आपुन तितं नसलो तरी जमलं पायजे.” दोन दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी मी ते पान घातलं, मुद्दाम गिचमिड अक्षरात.

सांगलीच्या प्रदर्शनात परीक्षकांनी टेबलाकडं पाहून विचारलं, “यात यंत्र कुठं आहे?” शालन म्हणाली, “आवं सर, तुमीच यंत्र. आमी भाईर थांबतो. वही वाचा आन् करा.” ते अडले असते तर सगळंच मुसळ केरात. बाहेर तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं वळेनात... मग आतून हसण्याचा आवाज आला. परीक्षकांनी हाक मारली. त्यांचा वार बरोबर आला होता, आणि ते उघडून बसले होते नानांचंच पान. “हे वाचलं नसतं तर ‘थांबा’चं कार्ड कशाला, ते मला कळलं नसतं,” ते म्हणाले. आमचा पहिला नंबर आला. तो तिचा होता, माझं नुसतं अक्षर.

परवा तिच्या सांगलीच्या घरी गेले होते. नळाला पाणी येईना, गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. पाण्याच्या मोटरला कधी हात न लावलेले तिचे जावई उठले. बटणाशेजारी शालनच्या अक्षरातला कागद होता. पायऱ्या एक ते पाच, आणि खाली : ‘वरून पाणी सांडू लागलं की बंद करा. थांबा. एकदा मी विसरले होते, सगळा जिना भिजला.’

टाकी भरली. वर पाणी सांडल्याचा आवाज आला, आणि जावयांनी बटण बंद केलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.