फताडे पाय

गुणाजी मास्तरांवर माझा राग आहे, आणि त्यांच्याइतका भला माणूस मी पाहिलेला नाही. दोन्ही खरं आहे, काय करू?

मुंबईच्या एका कॉलेजचे ते फुटबॉल कोच. राहायला मात्र कळव्याला, आमच्याच आळीत. मी मिठागरात राबणाऱ्या ठमाबाईचा नाथा. मॅट्रिक झालो तसं मास्तरांनीच मला खेळाडू म्हणून कॉलेजात घातलं, फी माफ करवली. ते अनवाणी खेळून नाव काढलेले. "बूट घातला की पायाला बॉल कळत नाही," हे ठरलेलं वाक्य. हंगामाआधी आम्ही मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करतो. पाय कणखर व्हावेत म्हणून मास्तर दर रविवारी सगळी टीम तिथे आणून तुडवायला लावायचे. आई हसायची, "मास्तर, पोरांना कालेजान शिकवता का आगरान?"

टीमचे तळवे टणक झाले, बोटं फाकली. दोनदा फायनल हरलो. प्रिन्सिपॉलांनी मास्तरांना बजावलं, यंदा कप नाही तर नोकरी नाही.

त्याच वर्षी, त्रेपन्न साली, नोटीस आली: बुटांशिवाय खेळता येणार नाही. मास्तरांनी ती घडी करून खिशात घातली, कुणाला बोलले नाहीत. नंतर म्हणाले, वाटलं, क्लबांचा आरडाओरडा होईल नि नियम मागे घेतील. अहो, कुणाच्या ओरडण्याने नियम मागे गेलेत?

पहिल्याच मॅचला रेफरीने आमचे पाय बघितले आणि शिट्टी खिशात टाकली. वीस मिनिटं दिली. मास्तर धावत जाऊन शेजारच्या क्लबातून बूट मागून घेऊन आले. लांबीला पुरे, रुंदीला एकही पुरेना. मास्तर मातीत बसून दोन्ही हातांनी माझा पाय आत कोंबत होते. "जा रे बाबा, जा रे आत!" मी कळवळून ओरडलो तरी सोडेनात. शेवटी ज्यांचे पाय कसेबसे आत गेले ते सात जण लंगडत उतरले. नऊ गोल खाल्ले.

मास्तरांची नोकरी गेली. खेळ गेला तशी माझी फीमाफी गेली, कॉलेजही सुटलं. मी आगरात कामाला आलो. चार वर्षं दारोदार हिंडून एक दिवस मास्तरही आले. अनवाणी खेळवणारा कोच कुणाला हवा होता?

वाफा तुडवता तुडवता त्यांनी विचारलं, "नाथा, मी नोटीस दाखवली असती तर?"

खोटं बोलता आलं असतं. जीभच वळली नाही मेली.

"तर मी आज इथे नसतो, मास्तर."

त्यांनी मान हलवली, आणि माझ्या पावलाशेजारी पाऊल टाकत तुडवत राहिले.