अर्धी वाट

सीमाभागात, हुलसूरकडच्या आमच्या गावात निवडणूक आली की दोन्ही पक्षांची माणसं गावचे तंटे मिटवणाऱ्या अप्पांच्या ओट्यावर चहा पिऊन जातात. अप्पा एकाशी कन्नडात बोलतात, दुसऱ्याशी मराठीत. मत कुणाला दिलं ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नसावं. "आपुन मधले," म्हणतात. रोजच्या तंट्यांना वैतागलेले लोक म्हणतात, असे मध्यममार्गीच निवडून द्यायला पाहिजेत. मला मात्र संशय येतो. जो कुणालाच नकोसा होत नाही, तो कुणाच्या तरी सोयीचा असणारच. घरचे म्हणतात, तू प्रसादातही खडा शोधतोस.

गेल्या साली शेजाऱ्यानं आमच्या शेताची गाडीवाट नांगरून आपल्या तुरीत घातली. वडील अप्पांकडेच गेले. अप्पा भर उन्हात बांधावर आले, दोघांचंही शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "त्यो म्हणतो वाटच न्हाई, तुमी म्हणता पुरी हाय. अर्धी धरा. भांडण कामून वाढवायलाव?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. शेजाऱ्यानं वडिलांपुढं तंबाखूची डबी धरली. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. भांडण मिटलं की जेवण गोड लागतं, त्या दिवशीही लागलं. पुढं सोयाबीन निघालं तेव्हा कळलं, अर्ध्या वाटेनं ट्रॅक्टर जात नाही. पोती डोक्यावरून सडकेपर्यंत आणावी लागली.

यंदा शेजाऱ्याचा नांगर उरलेल्या वाटेतही घुसला. वडील चपला घालून अप्पांकडे निघाले, तसा मी दारात आडवा झालो.

"त्यो जिथवर घुसलाय तिथनंच अप्पा मधोमध मोजत्यात. पुन्हा अर्धंच मिळंल. असं किती डाव करायचं?"

"मग कुणाकडं जाऊ?" वडील म्हणाले. "त्या पक्षात त्येचा भाऊ हाय, ह्या पक्षात मेव्हणा. माझं ऐकून घेणारा ह्यो एकच हाय गावात."

माझा नुसता संताप झाला, पण ते खरंच होतं. मी बाजूला झालो.

अप्पांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, शेजाऱ्यालाही बोलावून चार शब्द सुनावले. दिवेलागणीला वडील परत आले ते माणसापुरती पाऊलवाट घेऊन.

"चालायला पुरंल," म्हणाले. चेहरा अगदी मोकळा झाला होता. मला त्याचीच भीती वाटली.